उभी गाडी

डोमाजी खुर्ची ओढून मुद्दामच पोरांच्या मागे बसले. इंजिनिअर होऊन त्यांच्या मुलाला, नागसेनला, वर्ष उलटलं, नोकरीचा पत्ता नाही आणि दिवसभर लॅपटॉपला डोळे लावलेले. आज त्यांच्या बहिणीचा, जयवंताचा, अकोल्याहून फोन यायचा होता. पोराला तिच्या दुकानात बसवायचं की नाही, ते आजच सांगायचं. म्हणजे डोमाजींच्या मनानं बसवायचं ठरलंच होतं.

नागसेन आणि त्याची वर्गमैत्रीण प्रणाली यांनी एक सिम्युलेटर बनवला होता. कॉम्प्युटरच्या पोटातला प्रोसेसर कामं कशी उरकतो, ते पडद्यावर दाखवणारा. ओळीनं पाच घरं. कॉम्प्युटरला दिलेला एक हुकूम पुढच्या घरात सरकला, की मागं दुसरा हजर. राजापेठेतल्या एका क्लासच्या मॅडम म्हणाल्या होत्या, अजून थोडा सुधारा, जूनपासून मुलांना यावरच शिकवते.

“घरं वाढवू. पाचाची दहा करू,” नागसेन म्हणाला. “रंग टाकू, स्पीड वाढवू...”

“राहू दे न बे! पोरं कुठं अडतात ते पाय आधी.” प्रणालीनं बटण दाबलं. ओळ सरकली आणि थबकली. एक हुकूम दुसऱ्या घरातच अडून बसला, त्याच्या पुढचं घर रिकामं.

“बंद पडलं का हे?” डोमाजींना राहवलं नाही.

“पाय! सारे हेच इचारतात,” प्रणाली हसली. “बंद नाही पडलं, काका. याच्या पुढं जो हुकूम गेला न, त्याचं उत्तर याले पायजे. ते यायच्या आधी हा निघाला तं सारं चुकते. म्हनून थांबला. नागसेन, आपन हेच करू. काहून थांबला, कोनासाठी थांबला, ते त्यानंच सांगितलं पायजे. बाकी मंग.”

डोमाजी सावरून बसले. अकोटच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांची हयात गेली. तेल्हाऱ्याची गाडी लेट झाली, की तिच्यातल्या प्रवाशांसाठी ते अमरावतीची शेवटची गाडी रोखून धरत, आणि उभ्या गाडीतले लोक त्यांचा उद्धार करत. हाताशी घोषणा करायचा भोंगा असून, गाडी कोणासाठी उभी आहे हे सांगायचं त्यांना कधी सुचलं नाही. आणि ही कालची पोरगी! शाब्बास गं माय!

नागसेनही फुरंगटला नाही. दहा घरं, रंग, सगळं बाजूला सारून कामाला लागला. नागसेनच्या आईनं, केशरबाईंनी, ठेवलेला चहा दोघांनीही तसाच निवू दिला. तास-दीड तासानं अडलेल्या हुकमाखाली पडद्यावर ओळ उमटली : ‘थांबलो आहे. पुढच्याचं उत्तर यायचं आहे.’ डोमाजींनी ती दोनदा वाचली. पोराच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला त्यांना.

तेवढ्यात फोन वाजला.

“जय भीम, दादा. मंग काय ठरलं? रिकामाच बसून राहिला न पोरगा?”

“रिकामा नाही वं, जयवंता,” डोमाजी भोंग्यावर बोलावं तसं खणखणीत बोलले. “जूनची वाट पाहून राहिला. मीच रोखून धरला त्याले.”