नमुन्यातली चिमी

‘दोन चांदण्यांच्या मधे लिहिलेलं वाक्य स्मरणात कायमचं बसतं,’ हे पुस्तिकेतलं कलम वृंदाने पुन्हा उघडलं. विसरभोळ्या झालेल्या माणसांच्या आठवणी घरचे अशा खुणा घालून लिहीत आणि कानामागचं यंत्र त्या आत रुजवी. खुणांची पुस्तिका वृंदाने लिहिली होती.

धरणगावच्या एका गृहस्थाने वडिलांसाठी लिहिताना पुस्तिकेतला नमुनाही तसाच उतरवला होता: ‘माझी मुलगी चिमी रविवारी येते.’ म्हाताऱ्याला मुलगी नव्हतीच. तरी आता दर रविवारी तो फाटकाशी खुर्ची टाकून बसत होता.

“नाव बदलायचं एवढंही लोकांना कळू नये?” विभागप्रमुख मुतालिक वैतागले.

“लोक नमुनाच उतरवतात, सर. तिथे कोरी जागा ठेवते. आत्ताच.”

तिने नाव काढलं, सूचना नव्याने लिहिली, पुस्तिका सगळीकडे पाठवली आणि पर्स उचलली.

“आता कुठे निघालात?”

“धरणगावला. चांदण्यांमधलं पुसता येत नाही आणि उद्या रविवार आहे.”

“तुम्ही जाऊन काय करणार?”

“नमुन्यात मी माझंच घरचं नाव घातलं होतं, सर.”