तेराव्या भागाचा रविवार

"एक, दोन, तीन!" म्हणत दोघांनी आपापल्या कॉम्प्युटरवर एकदमच बटण दाबलं. खडकीच्या घरात दुपारचे अडीच वाजले होते. प्रज्ञेशकडे, इंग्लंडात, सकाळचे दहा.

आज तेरावा भाग, सीझनचा शेवटचा. दीपालीने कानाला हेडफोन लावले होते आणि खोलीला आतून कडी. ही ब्रिटिश मालिका तिच्या आईबाबांच्या लग्नाच्याही आधीपासून चालू आहे. काळात मागेपुढे भटकणारा तिचा नायक थकला, की नवा चेहरा घेतो आणि पुन्हा कामाला लागतो. प्रज्ञेशच्या तिकडे प्रत्येक भाग शनिवारी संध्याकाळीच टीव्हीवर लागायचा. पण त्याने तो बघायचा नाही, असं ठरलेलं. दीपालीने पहाटे, नेट फुकट असतं त्या वेळात, तो डाउनलोड करून घ्यायचा आणि रविवारी दोघांनी नेटवर बोलत बोलत एकत्र बघायचा.

"तेरा रविवार!" तिची आई चंद्रभागा म्हणायची. "तुझं लग्न आम्ही एका दुपारी ठरवलं गं बाई."

प्रज्ञेशशीच ठरलेलं ते लग्न डिसेंबरात होतं. बाहेरच्या खोलीत आई आणि बाबा आत्ता त्याचीच पत्रिका लिहीत बसले होते.

अकराव्या मिनिटाला प्रज्ञेश खो खो हसला. त्यानंतर पडद्यावरचा यंत्रमानव जिन्यावरून गडगडत खाली आला.

नेट अडखळतंय मेलं, असं दीपालीने मनाशी म्हटलं. पण ही पोरगी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचाच पगार घेते. नेट अडखळलं तर आवाज उशिरा येईल. लवकर कसा येईल?

"तुझी किती मिनिटं झाली रे?"

"अं... तुझ्याएवढीच की."

ती पुढे बघू लागली. यानात मेजवानी चालली होती, सगळे केक कापत होते, एकमेकांच्या तोंडाला फासत होते. आणि प्रज्ञेश अगदी मायेने म्हणाला, "आता रुमाल घेऊन बस हं, दीपू."

तिने व्हिडिओ थांबवला. केक लावलेली ती सगळी तोंडं हसता हसता थबकली.

"तू बघितलास हा भाग."

"अगं, काल सगळ्यांनी हॉलमध्ये लावला होता. येता-जाता दिसला थोडा."

"रुमाल कुणाला लागला?"

"म्हणजे?"

"तू कधी रडतोस प्रज्ञेश? तुझे आजोबा गेले तेव्हाही तू कोरडा ठणठणीत होतास. इथे रुमाल लागतो, हे तुला कळलं कुणाकडून?"

हेडफोनमध्ये खरखर झाली.

"पूर्वा रडली," तो म्हणाला.

पूर्वा त्याच्या ऑफिसच्या टीममधली, तो राहतो त्याच घरात वरच्या खोलीत राहणारी. गेल्या महिन्यात चंद्रभागाबाईंनी कुणाच्या तरी हाती घरचा काळा मसाला पाठवला, तेव्हा 'परक्या मुलखात पोरीची जात, तिलाही होईल' म्हणून तिच्यासाठी वेगळी पुडी बांधली होती. दीपालीनेच त्या पुडीवर नाव घातलं होतं, छान वळणदार अक्षरात.

"केव्हापासून?" दीपालीने विचारलं.

"तसं काही नाही गं—"

"केव्हापासून, प्रज्ञेश?"

"सातव्या भागापासून."

दुसरा कुणी असता तर महिना सांगितला असता. सातवा भाग! म्हणजे सात रविवार हा माणूस आदल्या संध्याकाळी पूर्वाबरोबर हसलेलं दुसऱ्या दिवशी हिच्याबरोबर पुन्हा हसत होता. आठव्या भागात तो चक्क दचकला होता. "बाप रे!" म्हणाला होता. त्या "बाप रे"वर दीपाली दिवसभर खूश होती. तेच आता आठवून तिला सगळ्यात जास्त दुखलं.

दारावर टकटक झाली.

"दीपू," बाबांचा आवाज, "प्रज्ञेशरावांना विचार गं, त्यांच्या आत्याचं नाव सत्यशीलाच ना? छापखानेवाले पाचला येतायत. चुकलं तर जन्मभर ऐकवतील."

तिचे बाबा भीमराव दारूगोळ्याच्या कारखान्यात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. लेकीच्या सासरच्या नावांची यादी त्यांनी आठवडाभर खिशात बाळगली होती.

"विचारते, बाबा."

त्यांची पावलं लांब गेली.

"मी सांगणार होतो," प्रज्ञेश घाईघाईने म्हणाला. "आज भाग संपल्यावर सांगणारच होतो, शप्पथ. म्हटलं, सीझन तरी तुझ्याबरोबर पुरा करावा. तेवढं तरी..."

"तेवढं तरी," दीपाली म्हणाली. "वा! उपकारच केलेस. आधी मला हसवणार, मग रुमाल काढायला लावणार, आणि मग सांगणार. क्रम छान लावलास."

"चिडू नकोस ना. तू अशी बोललीस की मला..."

"तुला काय?"

सात आठवडे ज्याची जीभ अडखळली नव्हती, त्याला आता एक वाक्य पुरं करता येईना. खोटं असलं तरी चालेल, पण याने काहीतरी म्हणावं, असं दीपालीला अगदी मनापासून वाटत होतं, आणि तसं वाटण्याची लाजही वाटत होती.

तेवढ्यात त्याच्यामागे दार वाजलं. बाईचा आवाज आला. घरातल्या माणसाशी बोलावं तसा, जराही दबकलेला नव्हता.

"झालं का रे तुमचं? चहा गार होतोय."

प्रज्ञेशने माइकवर हात ठेवला असावा. खरखरसुद्धा बंद झाली. मग हात निघाला.

"जा," दीपाली म्हणाली. "तुला गार चहा चालत नाही."