व्हिएतनामवालीची फळी

मुजूवालीने फळी दोन्ही हातांनी गदागदा हलवली, एक शिवी हासडली आणि उपटून वाटेवर भिरकावली. फळीवरचा रंग अजून ओला होता. ती रंगवणारी पोरं ब्रश घेऊन मागे सरली. त्यांत तिची नात सोलही होती.

"हे काय नाव झालं?" म्हातारी गुरगुरली.

"अहो आजी!" शाळेच्या पैक बाई धावत आल्या. "मुलांनी एवढं हौसेनं केलं..."

"बाजूला व्हा, बाई. रोपावर पाय पडेल."

कोरियातल्या या खेड्याच्या शाळेत अकराच पोरं उरली होती. तेवढ्यांना हे एवढं मैदान कशाला, म्हणून अर्धं नांगरून शाळेची आणि गावाची मिळून भाजीची बाग सुरू केली होती. शिकवायला गावच्या म्हाताऱ्या. ढुंगणाला फोमच्या गोल बैठका बांधून, खुरपी घेऊन त्या पोरांना मिरची लावायला शिकवत होत्या, आणि अधूनमधून एखादी नवी शिवीही. प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी शिकवणारीच्या नावाची फळी. नाव म्हणजे माहेरचं गाव. लग्न झालेल्या बाईला इथे दुसरं नाव उरत नाही. मुजूवाली, हादोंगवाली, सुनचांगवाली. नळापाशी ओलीला नाळीची भाजी लावली होती ती मुजूवालीच्या सुनेने, लुआने. तिच्या फळीवर पोरांनी लिहिलं होतं, 'व्हिएतनामवाली'. सारं गाव तिला तेच म्हणायचं.

"सून मास्तरीण झालेली बघवत नाही हिला," हादोंगवाली शेजारणीच्या कानाशी लागून म्हणाली. ते अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं. "आणि स्वतःच्या वेळी? नवऱ्याने एकदाच हात उचलला होता. दुसऱ्या दिवशी मुजूहून दोघे भाऊ सायकली हाणत आले आणि त्याला गोठ्यात घेऊन गेले. त्यानंतर मरेपर्यंत बिचारा चढ्या आवाजात खोकलासुद्धा नाही."

लुआ खाली मान घालून माती दाबत राहिली. तिच्या कानामागे एक जुना, हिरवा पडत चाललेला डाग होता. तो सगळ्यांना दिसत होता आणि कुणी पाहिलेला नव्हता.

तेवढ्यात फाटक भिंतीवर आदळलं. ब्योंग-हो आला होता. मुजूवालीचा एकुलता एक, लुआचा नवरा. सकाळीच तांदळाची दारू ढोसून डोळे लाल झालेले.

"घरची मिरची कोण लावणार? तुझा बाप?"

त्याने लुआच्या केसांत हात घातला, मूठ वळली आणि हिसका दिला. ती आडवी पडली. तो तिला तसाच ओढत निघाला. वाफ्यावर अंथरलेलं काळं प्लास्टिक फाटत गेलं, कोवळी रोपं तिच्या पाठीखाली मोडत गेली. त्याने कमरेत लाथ घातली. मग पोटात. सोल किंचाळली. पैक बाई मध्ये पडल्या तर कोपराच्या एका फटक्यात त्यांचा चष्मा उडाला आणि नाकातून रक्ताची धार लागली.

वाटेवरची फळी त्याच्या पायाला लागली. ती वाचून तो हसला.

"बघा! इथेसुद्धा फेकून दिलीय हिला!"

मुजूवाली उठली. बैठक ढुंगणाला तशीच लोंबत होती. एरवी कुणीतरी हसलं असतं. मिरचीच्या काठ्या ठोकायचा लाकडी हातोडा तिने उचलला. सोलच्या जन्माआधीपासून पातळ भिंतीपलीकडून तिने हे आवाज ऐकले होते आणि दर वेळी कूस बदलली होती.

"केस सोड."

"तू मध्ये पडू नकोस, आई. माझी बायको आहे, मी काय वाटेल ते करीन. कोण येणार आहे विचारायला? हिच्या माहेरचं आहे का इथे कोणी?"

हातोडा त्याच्या मनगटावर बसला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. केस सुटले. त्याला बोंब फुटण्याआधीच दुसरा घाव गुडघ्यावर पडला आणि तो मिरचीत कोसळला.

"मी आलेय," मुजूवाली म्हणाली.

तिने हातोडा पुन्हा उचलला. या खेपेला डोक्याच्या नेमाने. लुआ मातीतून रांगत आली आणि तिच्या पायाला मिठी मारून बसली.

"पुरे, आई. सोल बघतेय."

हातोडा वरच थांबला. मग हळूहळू खाली आला.

बाकीच्या म्हाताऱ्या एव्हाना खुरपी घेऊन ब्योंग-होच्या भोवती येऊन उभ्या होत्या. तो कुशीवर वळून कण्हत होता. हादोंगवालीने गळ्यातला फोन काढला. "शाळेत या," ती म्हणाली. "पोलीस लगेच पाठवा. डॉक्टर आला तरी चालेल सावकाश."

मुजूवालीने वाटेवरची फळी उचलली. बाहीने माती पुसली. बाहीला रंग लागला. ती नळापाशी आली, हातोड्याने फळी परत जागेवर ठोकली आणि नातीला हाक मारली.

"सोल. रडणं मग. आधी ब्रश आण. हे पुसून नीट लिही."

सोलने नाक ओढलं. "काय लिहू, आजी?"

"तान फू."

लुआने मान वर केली. या देशात तिने आपल्या माहेरच्या गावाचं ते नाव एकदाच उच्चारलं होतं, लग्नाच्या दिवशी, सासूच्या पाया पडताना. तेव्हा सासू दुसरीकडे बघत होती.

"तान फूवाली लिही," मुजूवाली म्हणाली. "माझ्या फळीवर काय कोरियावाली लिहिलंस?"