शाळेच्या कपाटातलं यंत्र

"इलेक्ट्रिक गाडीतल्या चुंबकीय क्षेत्रानं मुलांच्या डोक्याला अपाय होतो म्हणे," असं गावच्या शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानशिक्षक ओडवार यांनी गोड वॉफल खाता खाता शेजारच्या गुनहिल्डला सांगितलं. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. पण शब्द गुरुजींचा होता. दुसऱ्या दिवसापासून गुनहिल्डची नऊ वर्षांची मुलगी तूवा आईची इलेक्ट्रिक गाडी सोडून अंधाऱ्या सकाळी बर्फातून तीन किलोमीटर चालत शाळेत जाऊ लागली.

मार्चमध्ये ती एक जुनं यंत्र घेऊन ओडवार यांच्या दारात उभी राहिली. "आजोबा, शाळेतून मागून आणलंय. चला, आईच्या गाडीतलं क्षेत्र मोजू या."

गुनहिल्डनं दोघांना बसवून गाडी गावभर फिरवली. तूवानं सीटवर, पायाशी, डोक्यापाशी यंत्र धरून पाहिलं. काटा धोक्याच्या रेषेच्या जवळपासही गेला नाही.

"म्हणजे थंडीत चालून माझ्या नाकाचं गाजर उगाचच झालं," तूवा म्हणाली.

यंत्र बंद करताना तूवाला मागं चिकटवलेली पिवळी पडलेली चिठ्ठी दिसली. तिनं मोठ्यानं वाचली, "'आधी मोजा, मग बोला.' हे कुणी लिहिलंय हो, आजोबा?"

"मीच," ओडवार खाली मान घालून म्हणाले. "मुलांसाठी."