पकडीत न येणारा मजकूर

वकील तोताराम महाजनांनी पत्रक तिसऱ्यांदा वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“ताई, ‘मधुमेह बरा होतो’ असं यात कुठंच लिहिलेलं नाही.”

“नाही,” हेमलता म्हणाली. “‘साखरेचं नैसर्गिक संतुलन’ असं आहे.”

“‘इन्शुलिन बंद करा’ असंही नाही.”

“‘शरीराला बाहेरच्या आधारातून मोकळं करा.’ मागचं पान, खालून तिसरी ओळ.”

वकिलांनी पान उलटलं. ओळ तिथंच होती. ते तिच्याकडे कीव येऊन पाहत राहिले.

हेमलताची थोरली बहीण सुमनबाई सोनगीरला राहायची. बारा वर्षं इन्शुलिन घेत होती. पोळ्यानंतर गावात जळगावच्या एका कंपनीनं आरोग्य शिबिर भरवलं. तिथून ती हे पत्रक आणि हिरव्या पावडरचा डबा घेऊन आली. सुई बंद केली. घरात कुणाला सांगितलं नाही. पुढं उलट्या सुरू झाल्या, तेव्हा फोनवर हेमलताला एवढंच म्हणाली, “काही नही वं बाई, आंगमाईन बठ्ठं टॉक्सिन निंघी ऱ्हायनं शे.”

अंगातलं सगळं टॉक्सिन निघतंय म्हणे! हेमलता ‘टॉक्सिन’ या शब्दापाशी अडखळली होती. चौथी शिकलेल्या अक्काच्या तोंडी असला शब्द कुठून आला, हे विचारायला हवं होतं. कामाच्या घाईत ते राहून गेलं. दुसऱ्या दिवशी ती जळगावहून धुळ्याच्या दवाखान्यात पोचली, तोवर अक्का बेशुद्ध होती. पुन्हा शुद्धीवर आलीच नाही. तिच्या पिशवीत हे पत्रक होतं. ‘त्रास जाणवल्यास घाबरू नका, ती शुद्धीकरणाची खूण आहे’ या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती.

“ही ‘समग्र ऊर्जा’ म्हणजे काय?” वकील म्हणाले. “‘पेशींची जागृती’ म्हणजे काय? कोर्टात मी काय खोटं पाडू? खोटं ठरायलाही वाक्याला आधी काही अर्थ लागतो.”

“कंपनी राहू द्या, साहेब. ज्यानं लिहिलं त्याच्यावर केस करा.”

“तो तर फारच तयारीचा आहे. वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळतं आणि पकडायला जावं तर हाती काही लागत नाही. त्याला काही होणार नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

हेमलतानं दोन्ही तळहात टेबलावर दाबून धरले. गेल्या आठवड्यात ती पोलिसांकडे जाऊन आली होती. हे औषधच नाही, मग गुन्हा कसला, असं म्हणून त्यांनी तिला चहा पाजून परत पाठवलं होतं.

“माणूस गेलं, साहेब,” ती हळू आवाजात म्हणाली. “कुणीतरी विचारायला नको का त्याला, की तू हे का लिहिलंस? माझ्या अक्काला उत्तर नको का?”

वकिलांनी सुस्कारा टाकला आणि कोरा कागद पुढं ओढला.

“बरं. तुमच्या समाधानासाठी एक अर्ज करून ठेवू. त्यातून निघायचं काही नाही, आधीच सांगतो. लिहिणाऱ्याचं नाव ठाऊक आहे?”

“आहे.”

“सांगा.”

“हेमलता प्रेमराज बोरसे,” ती म्हणाली. “मीच लिहिलंय ते.”