होडीचं बूड

धैर्यशीलनं आल्या आल्या होडीला हार घातला, कुंकू लावलं आणि तिच्या टोकावर नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा बायकोच्या हातावर ठेवत म्हणाला, "घे. आता बघ काय बघायचं ते."

अंकितानं कपाळावर हात मारला. म्हैस घेताना चारी सडांची धार स्वतः काढून बघणारा हा माणूस. दात मोजेल, शेपूट उचलेल, मालकाच्या शेजाऱ्याला गाठून तिच्या लाथांची चौकशी करेल. आणि होडीला मात्र आधी नारळ!

"आवं, खालनं बघितली तरी का?"

"खालनं काय बघायचं? खाली पाणीच असतंय."

कोयनेच्या जलाशयाच्या काठावर, बंद पडलेल्या एका रिसॉर्टच्या आवारात, ट्रॅक्टरच्या जुन्या टायरांवर ती विकायला ठेवली होती. फायबरची, शिडाची, नुकताच निळा रंग मारलेली. जूनपासून धैर्यशील हिच्यातनं वाडीतली पोरं पलीकडच्या शाळेत नेणार होता. नऊ दुसऱ्यांची आणि दहावं पोर घरचं, त्याची लेक नंदू, औंदा पहिलीला. डिझेल लागत न्हाई, वारा फुकट, हे त्यानं आठवडाभरात इतक्यांदा सांगितलं होतं की अंकिताला आता वाऱ्याचाच राग यायला लागला होता.

"निर्धास्त ऱ्हावा वैनी," रिसॉर्टचा मॅनेजर विश्वजित म्हणाला. "पुण्याची मोठमोठी माणसं बसायची हिच्यात. तीन महिने पाण्याला लागलेली न्हाई. एकदम कडक."

अंकितानं ओढणी कमरेला बांधली आणि टायरांच्या मधे वाकली.

तिचे वडील मिरजेत तंबोऱ्यांच्या कारखान्यात पॉलिश करायचे. भोपळा हातात आला की आधी बोटाच्या पेरानं वाजवायचे. चांगला भोपळा बोलतो. चिरलेला, बुजवलेला भोपळा गप्प बसतो, वरनं पॉलिश कितीही चढवा.

तिनं वाजवलं. टण. टण. हातभर पुढं सरकली. टण. मग भद्द.

नंदू एव्हाना होडीत चढून बसली होती. तिला हा खेळच वाटला. आईनं खालनं वाजवलं की ती आतनं वाजवायची. बाकी ठिकाणी पोरीची थाप लांबनं आल्यासारखी वाटत होती. त्या भद्द जागी मात्र ती एवढीशी थाप थेट अंकिताच्या तळव्याला लागली. मधे नुसता रंगच असल्यासारखी.

अंकिताचा हात तिथंच राहिला. मग तिनं केसातली पिन काढली आणि खरवडायला लागली. निळ्या रंगाखाली पांढरी लांबी निघाली, गाड्यांचे पोचे बुजवतात तसली. लांबीखाली चीर. चिरेतनं तपकिरी पाण्याचा एक थेंब आला. मग दुसरा.

"तीन महिने कोरडी हाय म्हणालात न्हवं? मग ही काय गाळतीया?"

"पावसाचं असंल वैनी. परवा वळीव नाही का झाला? आत साचलं असंल."

"म्हंजे वरनं पडलेला पाऊस बुडातनं खाली गळतोय. मग उद्या खालचं पाणी वर यायचं न्हाई व्हय?"

विश्वजित हसला. "वैनी लय हुशार हायत, धैर्यशीलराव."

धैर्यशीलला ते हसणं लागलं. "अंकिता, बास आता. नारळ फुटलाय. देवाला सांगून झालं. आता माघारी फिरायचं म्हंजे बरं दिसतंय का?"

"देवानं बुडाखाली वाकून बघितलंय का?"

"अगं, जुन्या वस्तूत काय ना काय निघतंच. भरू की परत लांबी. आपल्या साईराजचं गॅरेजच हाय."

"साईराज जीपांचे पोचे भरतो. जीप बुडत न्हाई."

धैर्यशील तोंड फिरवून जलाशयाकडं बघत बसला. घरी गेल्यावर हा दोन दिवस जेवणावर राग काढणार, हे तिला दिसत होतं. आणि तिसऱ्या दिवशी होडी दारात येणार, हेही. ती मातीनं भरलेले गुडघे झटकत बाहेर आली आणि सरळ विश्वजितपुढं उभी राहिली.

"तसं करा. तुमी एक फेरी मारून दावा. त्या पाण्यातल्या वाळक्या झाडापातूर जायचं आणि यायचं. मग मी एक शब्द बोलणार न्हाई."

"हां, हे बरं झालं," धैर्यशील पटकन म्हणाला. "दावाच सायेब. हिचं समाधान तरी हुईल."

विश्वजितनं झाडाकडं बघितलं. "त्यात काय! आत्ता मारतो."

त्यानं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. मग खिशातला फोन काढून अंकिताच्या हातात दिला. पाकीट दिलं. जीपची किल्ली दिली. मनगटावरचं घड्याळ सोडून दिलं. होडीकडं दोन पावलं गेला, थांबला, माघारी आला आणि त्यानं गळ्यातली सोन्याची चेन काढली.

"एवढं धरा वैनी."

अंकिताची ओंजळ भरली. तिनं ती तशीच नवऱ्यापुढं धरली.

धैर्यशीलनं सगळ्यात वर पडलेली चेन बघितली. खालचं घड्याळ बघितलं. मग तो वळला, होडीत वाकला आणि त्यानं अजून तळ वाजवत बसलेल्या नंदूला काखेत धरून वर उचललं. खेळ मोडला म्हणून ती पाय झाडायला लागली, त्याच्या सदऱ्यावर बुक्क्या मारायला लागली. त्यानं तिला खाली काही ठेवलं नाही.