केशरबाईंची जागा

शेवटची दोन मिनिटं उरली होती आणि परभणीच्या पोरी एका गुणानं मागं होत्या. पेडगावात सूर्यभान मास्तरांच्या घरात टीव्हीपुढचं कुणी जागचं हलत नव्हतं.

हलायचं नाही असं ठरलंच होतं. काल कबड्डीचा उपांत्य सामना जिंकताना जो जिथं होता, तो आज अंतिम सामन्यालाही तिथंच. मास्तर स्वतः दाराशी. मास्तरांचा भाऊ नागेश कपाटाला टेकून उभा; पायाला मुंग्या आल्या तरी उभाच. शेजारच्या कमलबाई काल लसूण सोलत होत्या, म्हणून आजही लसूणच. संपला की नवा गड्डा. आणि मास्तरांची आई केशरबाई बाहेर, लिंबाखाली, प्लास्टिकच्या खुर्चीवर. काल त्या टीव्हीपुढं होत्या तोवर त्यांच्या नातीची, साक्षीची, तीनदा पकड झाली. त्या उठून बाहेर गेल्या आणि साक्षीनं एकाच चढाईत चार गडी बाद केले. झालं, म्हातारीची जागा ठरली.

हेच मास्तर दरवर्षी शाळेत पोरांपुढं लिंबू-मिरचीचं थोतांड प्रयोग करून उघडं पाडतात. साऱ्या गावात त्यांच्या त्या भाषणाचं कौतुक. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"पडली! साक्षी पडली!" कमलबाई ओरडल्या.

केशरबाई खुर्चीवरून उठल्या आणि गुडघे दाबत दारापर्यंत आल्या. मास्तरांनी दारात हात आडवा धरला.

"माय, आत येऊ नको. एकच मिनिट राह्यलंय."

"पोरगी पडली म्हणायलेत."

"उठली ती. खेळायली. काई झालं न्हाई तिला."

"मग बघू दे की मला. अजून एकदा बी धड बघितलं न्हाई तिला खेळताना."

"हात जोडतो, माय. तू आत आलीस की तिची पकड होती. काल बघितलंस न्हाई का?"

केशरबाईंनी त्या आडव्या हाताकडं पाहिलं.

"बाहेर थांब म्हणलेलं म्या लय दारात ऐकलंय, सूर्यभान. आपल्या घराच्या दारात आज पयल्यांदा ऐकायले."

मास्तरांचा चेहरा उतरला. हात खाली घ्यावा असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. तेवढ्यात मागून नागेश ओरडला, "दादा, बरोबरी झाली! शेवटची चढाई, साक्षीच गेली!"

मास्तरांची मान टीव्हीकडं वळली. हात दारातच राहिला. केशरबाई लिंबाखाली परत गेल्या.

आत टीव्हीवर शेवटची चढाई सुरू झाली. साक्षी डावीकडं गेली, मागं सरली, बोनसच्या रेषेवर पाय टेकून फिरली. तिघींनी तिला धरलं. ती त्यांना तशीच ओढत निघाली आणि पालथी पडता पडता तिची बोटं मध्यरेषेला लागली.

पंचाची शिट्टी झाली. नागेशनं भावाला उचललंच. कमलबाईंच्या मांडीवरचा लसूण घरभर झाला आणि त्या रडायला लागल्या. टीव्हीत साक्षी धापा टाकत थेट कॅमेऱ्यापुढं आली. कोपर सोललेलं, तोंडाला माती. तिनं हात जोडले.

"आजी, जयभीम!"

घरातला गलका थांबला. तो जयभीम ज्यांना होता, त्या केशरबाई बाहेर लिंबाखाली होत्या.

मास्तर बाहेर आले आणि खुर्चीपाशी खाली बसले. त्यांना आईकडं वर बघवेना.

"माय, जिंकलो आपण. चल आत. तुला जयभीम केलाय तिनं. सगळी मॅच मोबाईलवर हाय, पयल्यापासून लावतो."

केशरबाई उठल्या नाहीत.

"आता म्या बघितली," त्यांनी विचारलं, "तर हारंल का रे ती?"